पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताय? वजनाच्या नादात या चुका टाळा

'सर, सगळ्यात हलकी इलेक्ट्रिक गिटार कुठली?' क्लासला नाव घालायच्या आधीच हा प्रश्न येतो. हल्ली विचारणारे बरेचसे पस्तिशी-चाळिशीतले असतात. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून खांदे आधीच आखडलेले, त्यामुळे काळजी रास्त आहे. पण उत्तर त्यांना एका आकड्यात हवं असतं. वेबसाइटवर कमी किलो दिसले की ऑर्डर टाकून मोकळे, आणि पुढच्या महिन्यात गिटार पलंगाखाली.

आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची, थोडक्यात स्ट्रॅट) पद्धतीची गिटार साधारण सव्वातीन ते पावणेचार किलो भरते. गिब्सन कंपनीची लेस पॉल सव्वाचार किलोच्या आसपास, काही त्याहून जड. नवशिक्यानं साडेतीनच्या आत राहावं असं माझं मत आहे. मात्र एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत अर्धा किलोचा फरक सहज पडतो, कारण लाकूड प्रत्येक ओंडक्यागणिक वेगळं. बासवूड आणि पॉप्लर सहसा हलकं असतं, पण 'अ‍ॅश' एवढंच लिहिलं असेल तर काहीच कळत नाही. दलदलीतल्या झाडाचं अ‍ॅश हलकं, उत्तरेकडचं चांगलंच वजनदार. म्हणून गिटार घ्यायला कुणाबरोबर जायचं असलं की मी बॅगा तोलायचा हुकवाला काटा घेऊन जातो. दुकानदार बघत राहतात. बघू देत.

आता खरी चूक, जी मी वर्षानुवर्षं बघतोय: हलकी म्हणजे सोयीची, असं धरून चालणं.

माझ्याकडे बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई शिकायला यायच्या. खांदा पूर्वी आखडून बसला होता, म्हणून त्यांनी शोधून शोधून 'एसजी' या पातळ मॉडेलच्या आकाराची, तीन किलोच्याही आतली गिटार ऑनलाइन मागवली. खांद्याला काही झालं नाही. पण काही आठवड्यांत डावं मनगट आणि अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. घरचे म्हणाले, सवय नाही म्हणून. कुणी मनगटाला पट्टा बांधायला सांगितला. साधा एफ कॉर्ड काही केल्या लागेना, तेव्हा 'माझं वयच झालं आता' इथपर्यंत गोष्ट आली. मी त्यांना उभं केलं, गिटार गळ्यात घालायला लावली आणि म्हटलं, दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक, म्हणजे गिटारीचं टोकाचं डोकं, सरळ जमिनीकडे गेला.

एवढे दिवस ताई गिटार वाजवता वाजवता डाव्या हातानं तिची मान, म्हणजे नेक, उचलून धरत होत्या. तळवा नेकला खालून चिकटलेला, अंगठा वरून अडकवलेला. अशा हातानं एफसारखा बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा, लागणार कसा? दोष त्यांच्या वयाचा नव्हता, तोलाचा होता. गिब्सननं १९६१ साली लेस पॉलचा जो पातळ अवतार काढला, तोच पुढे एसजी म्हणून ओळखला गेला. त्यात पट्ट्याची पुढची खुंटी नेकच्या मुळाशी असते आणि अंग पातळ, हलकं. त्यामुळे नेकचं पारडं जड होतं. स्ट्रॅटचं वरचं शिंग जवळजवळ बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) पुढे येतं आणि खुंटी त्याच्या टोकाला असते, म्हणून ती गिटार गळ्यात शांत बसते. एसजी वाईट आहे असं मी म्हणत नाही. अँगस यंग आणि टोनी आयोमी या रॉक गिटारवादकांनी आयुष्यभर त्यावर वाजवलं. पण ज्याचा डावा हात अजून कॉर्ड शोधतोय, त्याच्यावर हे ओझं टाकू नये.

ताईंना आधी आतून खरखरीत स्वेड असलेला तीन इंची पट्टा दिला. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो, स्वेड कुर्त्याला धरून राहतं. निम्मा फरक तिथेच पडला. शेवटी त्यांनी गिटार बदलून स्ट्रॅटच्या आकाराची घेतली. काट्यावर ती अर्धा किलो जास्त भरली, तरी खांद्यानं तक्रार केली नाही आणि मनगटही कुरकुरायचं थांबलं. दुकानात हात सोडून बघायला दहा सेकंद लागतात. तेवढी उसंत नसलेल्यांचं मला नवल वाटतं, कारण हेच लोक पिकअप (तारांची थरथर पकडणारं चुंबक) कुठला यावर तासन्‌तास वाद घालतात.

तोलाचा प्रश्न बिनडोक्याच्या गिटारींत जवळपास सुटतो. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या दशकात त्या गाजवल्या. तारा पिळायचे ट्यूनर ब्रिजच्या, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात त्या बाजूला, हेडस्टॉकच नाही. घ्या खुशाल, पण तुमच्या गावात तिच्या तारा कोण बदलून देणार ते आधी विचारा.

दुकानात फक्त स्टुलावर बसून वाजवून बघणं, ही दुसरी चूक. बसल्यावर वजन मांडीवर जातं, खांद्याला काहीच कळत नाही. पंधरा-वीस मिनिटं उभं राहा. आणि कडा कुठे रुततात ते बघा. टेलिकास्टरचं अंग सपाट फळीचं, तिची कड हाताला आणि बरगडीला लागते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅट काढणारे लिओ फेंडर स्वतः गिटारवादक नव्हते, पण वाजवणाऱ्यांचं ऐकायचे. १९५४ च्या स्ट्रॅटमध्ये पोटाकडची आणि कोपराखालची बाजू तासलेली आहे ती म्हणूनच. दोनशे ग्रॅम कमी असण्यापेक्षा हे तासकाम जास्त सुख देतं.

मुलांसाठी 'वाढत्या अंगाची' गिटार घेऊ नका. तो हिशोब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलाला ६४८ मिलिमीटर स्केलच्या (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) नेकवर पहिल्या फ्रेटपर्यंत हात ताणावा लागतो. फेंडरच्या मस्टँगसारखी ६१० मिलिमीटरची शॉर्ट स्केल बघा. तारांचा ताणही कमी पडतो, त्यामुळे लहान हाताच्या मोठ्यांनाही ती मानवते.

फ्लॉइड रोज, म्हणजे तारा कुलूपबंद करणारा हलता ब्रिज, पहिल्या गिटारवर नको. यावर चर्चा नको.

'बोटं फार दुखतात, गिटार बदलू का?' हे ऐकलं की मी आधी गिटार हातात घेतो. स्वस्त गिटारींचा नट (नेकच्या टोकाची, तारा टेकायची खाचांची पट्टी) बहुतेक वेळा उंच ठेवलेला असतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांमधली फट बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. तिथून पोस्टकार्ड आरपार जात असेल तर पहिल्या तीन फ्रेटवरचे कॉर्ड दुखणार आणि वर बेसूरही वाजणार. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. तारा ००९ च्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची) लावा. 'खरे वादक जाड तारा लावतात' असं सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात नेकचा बाक बदलतो, जूनमध्ये मऊ वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक वाटते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा फिरवून हे जागेवर येतं.

इथेच उतावळे लोक व्हिडिओ बघून कानस घेऊन बसतात. नटची खाच एकदा जास्त खोल गेली की उघडी तार झणझणायला लागते आणि नटच बदलावा लागतो. ट्रस रॉड तर लोक जोर लावून पिळतात. ही दोन कामं जाणकाराकडून करून घ्या आणि तो करत असताना शेजारी बसून बघा. गिटारच्या बजेटमध्ये सेटअपचे, म्हणजे या सगळ्या जुळवणीचे, पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे काढा, त्यासाठी थोडी स्वस्त गिटार घ्यावी लागली तरी चालेल. यामाहा पॅसिफिका किंवा स्क्वायरची साधी गिटार नीट सेटअप केलेली असली, तर तिप्पट किमतीच्या न केलेल्या गिटारपेक्षा हाताला बरी लागते.

जुनी गिटार घेत असाल तर पट्ट्याच्या दोन्ही खुंट्या हलवून बघा. ढिल्या असतील तर भोकात लाकडाची काडी आणि गोंद भरून स्क्रू पुन्हा आवळता येतो, पण किंमत ठरवायच्या आधी तेवढं विक्रेत्याला दाखवून द्या.