एअर पिस्तूल शिकताय? या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मिळवलं आणि आमच्या रेंजवर चौकशीचे फोन थांबेनात. कांबळवाडीचा पोरगा जिंकला म्हटल्यावर कोल्हापुरात हे व्हायचंच. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, आम्ही शिकवतो १० मीटर एअर पिस्तूल. पण एवढा फरक कोण बघतंय! बॅचमागून बॅच येते, चुका मात्र त्याच. बोलून बोलून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, टार्गेटकडे टक लावून बघणं. काळा गोल लख्ख दिसला की नेम बसला, असं प्रत्येक नवख्याला वाटतं. तो धूसरच दिसायला हवा. लख्ख दिसायला हवी ती फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, आणि रिअर साइटच्या, म्हणजे मागच्या पट्टीच्या, खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड. पटत नसेल तर हिशेब करा. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली की टार्गेटवर तीस मिलिमीटर चुकतं, म्हणजे दहा गुणांच्या जागी सात. उलट साइट जुळलेली ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर हलला, तर टार्गेटवरही पाचच मिलिमीटर. दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा आहे, त्यात दहाच मिळतात! हात सगळ्यांचाच हलतो. हलू द्या. साइट बघा.

याच चुकीच्या पोटातून दुसरी जन्मते: दर शॉटनंतर साइट सरकवणारा स्क्रू फिरवणं. एका स्पर्धेत आमचाच एक कॉलेजचा पोरगा उभा होता. सायटरचा, म्हणजे गुण न धरायच्या सरावाचा, पहिला शॉट डावीकडे, सात. लगेच चार क्लिक. दुसरा उजवीकडे, आठ. परत उलटे क्लिक. मी मागे बसून नुसते दात खातोय, कारण तिथून ओरडता येत नाही. साठ शॉटला पंच्याहत्तर मिनिटं असतात. पठ्ठ्यानं त्यातली निम्मी स्क्रूशी खेळण्यात घालवली. बाहेर आला आणि म्हणाला, "सर, पिस्तुलातच फॉल्ट हाय." दुसऱ्या दिवशी तेच पिस्तूल घेऊन मी पाच शॉट मारले. पाचही एकमेकांना चिकटून, फक्त पार डावीकडच्या कोपऱ्यात. पिस्तूल बिचारं जिथं सांगितलं तिथंच मारत होतं. त्याचा एक शॉट मनगट ढिलं पडून गेला होता, दुसरा ट्रिगर हिसकून, आणि दोन्हींचं औषध तो स्क्रूत शोधत होता. तेव्हापासून नवीन पोरांच्या पिस्तुलाला मी दोन्ही स्क्रूंवर चिकटपट्टी लावतो. महिनाभर ती निघत नाही. नंतरही पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे पाचही जवळजवळ, पडल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. हे पुस्तकातलं नाही, माझं आहे, पण चालतं.

"रिकामंच हाय सर." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नुकतीच नोकरी लागलेला एक जण काहीतरी विचारायला हातात पिस्तूल घेऊनच मागे वळला. बाकावर तीन पोरं बसलेली, नळी तिघांवरून फिरली. मी ओरडलो तर हेच उत्तर. नळी टार्गेटकडे करायला लावली, म्हटलं, आता दाब ट्रिगर. टप्प! कागदाला भोक. त्याचा चेहरा अजून आठवतो. त्याला घरी पाठवलं, तर संध्याकाळी वडिलांचा फोन, "अहो, एअर गनच तर आहे." ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा फोडायला पुरतो, हे त्यांना सांगून पटलं की नाही कुणास ठाऊक. सेफ्टी फ्लॅगची ती भडक दोरी शोभेला नसते. मागून घातलेली दोरी नळीच्या तोंडातून बाहेर दिसली, तरच नळी रिकामी. तोंडी खात्री मी माझ्या स्वतःचीही धरत नाही. दोरी घरी विसरलात तर त्या दिवशी लायनीवर उभं राहायचं नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. ताणून धरलेला शॉट वाईटच जातो. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, तो हळूहळू दाबायचा. झटका द्यायला ती सायकलची घंटी नव्हे. दुसरा डोळा मिटू नका, त्यापुढे पांढरी पट्टी लावा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय वडापावला शिवू नका. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं झाली की तो बाद. आणि ड्राय करा, म्हणजे छर्रा न भरता सराव. कंटाळवाणा आहे, मान्य. तरी पहिल्या महिन्यात मी दहा छर्ऱ्यांमागे तीस ड्राय करून घेतो. ज्यांना पहिल्याच दिवशी ठो ठो हवं असतं, त्यांच्यासाठी जत्रेत फुगे असतात.

राहता राहिली खरेदी. तिसऱ्या दिवशी पालक पिस्तुलाच्या कंपन्यांची नावं घेऊन विचारतात, "मोरिनी घेऊ की स्टेअर?" पोराचा तळहात अजून वाढतोय, पिस्तुलाची मूठ कुठली बसेल तेच कळलेलं नाही. सहा महिन्यांनी विचारा. तोवर रेंजचं जुनं पिस्तूल आहे, चिकटपट्टीवालं.