जुनी कॉम्प्युटर-चित्रं जमवताय? या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत नागपुरात तीन प्रदर्शनांसाठी मी जुनी कॉम्प्युटर-चित्रं गोळा करायला मदत केली. तिन्ही वेळा मदतीला आलेली मुलं नवी होती, चुका जुन्याच. अजब बंगल्यातल्या (आमच्या नागपूरच्या संग्रहालयातल्या) दगडी मूर्तीला कोणी सॅंडपेपर लावायला धजणार नाही. पण १९८८ सालची फ्लॉपी हाती आली की तेच लोक तर्री-पोह्याची बोटं पॅंटला पुसून तिचं झाकण सरकवून बघतात, आत काय आहे म्हणून! बोलून बोलून दमले, तेव्हा आता एकदाच लिहून टाकते.

चाकांची अंडी

माझा सगळ्यात जास्त जीव ज्या चुकीने खाल्ला, ती आधी.

एका प्रदर्शनासाठी आम्हाला एका गृहस्थांकडून बैलबंडीचं चित्र मिळालं. त्यांनी कॉलेजात असताना, पोळ्याच्या सुट्टीत, जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत काढलेलं. चार रंग, ३२० बाय २०० पिक्सेल, बैलांच्या शिंगांना गोंडेसुद्धा. प्रोग्रॅम चालवून चित्राची फाइल बनवली, मुलांनी ती लॅपटॉपवर उघडली, सगळ्यांना आवडली, आणि थेट फ्लेक्सवाल्याकडे गेली. सहा फुटी छापून भिंतीवर लागली. महिनाभर आम्ही सगळे, मी धरून, तिच्यासमोरून ये-जा करत होतो.

उद्घाटनाला ते गृहस्थ आले. फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, माह्या बंडीचे चाकं गोल होते. हे अंडे कोणं केले?"

कोणीच केले नव्हते, हीच तर गंमत. १९८१ सालच्या सीजीए कार्डवर (पीसीच्या पडद्यावर रंगीत चित्र दाखवणारं कार्ड) चित्र ३२० बाय २००चं असायचं, पण पडदा ४:३ प्रमाणाचा. म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. आजच्या पडद्यावर पिक्सेल चौरस, म्हणून तेच चित्र वरून कोणीतरी बसल्यासारखं दबतं. आणि पुरावा शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. जीडब्ल्यू-बेसिकची सर्कल ही आज्ञा त्या मोडमध्ये आपणहून ५/६चं प्रमाण धरते. आमच्या बंडीचं चाक फाइलमध्ये ६० पिक्सेल रुंद आणि ५० पिक्सेल उंच होतं. बेसिक लिहिणाऱ्यांना पिक्सेल उंच आहे हे ठाऊक होतं, त्यांनी आधीच हिशेब करून ठेवला होता. आम्ही मात्र चाक मोजलं नाही.

माझा उपाय अगदी साधा आहे. चित्रात गोल असायलाच हवी अशी एक वस्तू शोधायची: चाक, घड्याळ, सूर्य, कुंकू. पट्टीने आडवी-उभी मोजायची. मग वाढवायचं ते पूर्णांकातच. ३२० बाय २०० असेल तर आडवं पाच पट, उभं सहा पट. बरोबर १६०० बाय १२०० मिळतं, तेच ४:३. वाढवताना सॉफ्टवेअरला मधले रंग भरू द्यायचे नाहीत, नाहीतर टोकदार पिक्सेलचं श्रीखंड होतं. त्याच कार्डाचा ६४० बाय २०० मोड असेल तर उंची २.४ पट लागते. हर्क्युलिस कार्ड ७२० बाय ३४८, त्याचा हिशेब आणखी वेगळा. १९८७च्या व्हीजीए कार्डाचा ६४० बाय ४८० मोड आला आणि पिक्सेल चौरस झाले, पण त्याच व्हीजीएवर २५६ रंगांची चित्रं पुन्हा ३२० बाय २००मध्येच काढली जायची. म्हणून "व्हीजीए आहे, म्हणजे चालेल" हे ऐकलं की मला उचकी लागते.

याचा पुढचा अंक ऐका. बंडीच्या प्रकरणानंतर आमच्यातला एक मुलगा इतका शहाणा झाला की त्याने भिंतीवरच्या यूटा टीपॉटचं, म्हणजे ग्राफिक्सवाल्यांच्या प्रसिद्ध नमुना-किटलीचं, चित्रही ताणून उंच केलं. "मॅडम, हीपण दबून राहिली होती, नीट केली." मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ साली यूटा विद्यापीठात ज्या चहाच्या किटलीचं मॉडेल केलं, ती खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि ती खरोखरच पडद्यावरच्या किटलीपेक्षा जवळजवळ तीस टक्के उंच आहे. पण कॉम्प्युटरमधली किटली जिम ब्लिन यांनी दाबून बुटकी केली आणि ती तशीच जगभर गेली. बुटकी किटली हेच तिचं खरं रूप. बंडी दबलेली म्हणजे चूक, किटली दबलेली म्हणजे इतिहास! फरक कळायला मूळ काय होतं ते वाचावं लागतं, आणि वाचायला कोणाला वेळ आहे.

भोकांच्या पट्ट्या कापल्या

दुसरी गोष्ट आठवली की अजून पोटात गोळा येतो.

एका निवृत्त प्रोग्रॅमर काकांनी माळ्यावरून एक गठ्ठा काढून दिला. कंटिन्युअस स्टेशनरीवर (दोन्ही कडांना भोकं असलेला सलग घड्यांचा कागद) लाइन प्रिंटरने छापलेला गणपती, पूर्ण अक्षरांचा. जिथे गडद हवं तिथे एकावर एक दोन-तीन अक्षरं ठोकलेली, जिथे फिकट तिथे नुसतं टिंब. १३२ रकान्यांचा कागद, चार पानं सलग उलगडली की बाप्पा पूर्ण व्हायचे. मी त्या आठवड्यात पुण्याला होते. परत आले तर मुलांनी "व्यवस्थित" केलं होतं. दोन्ही बाजूंच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, पानं वेगळी केली, चारही लॅमिनेट केली, आणि वरचं एक पान "त्याच्यावर काही नव्हतं" म्हणून टाकलं.

त्या वरच्या पानावरच सगळं होतं. कोणत्या खात्यातून काम चालवलं, जॉबचा नंबर काय, तारीख, वेळ. तेवढ्या एका पानावर तो गणपती कोणत्या वर्षाच्या कोणत्या दिवशी छापला ते सिद्ध झालं असतं. आता पाटीवर काय लिहायचं? "गणपती, जुना"? काकांना विचारलं तर म्हणाले, "शहात्तर असेल, नाहीतर अठ्ठ्याहत्तर." त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली. गठ्ठा त्यांनी माझ्या भरवशावर दिला होता.

लॅमिनेशन परत काढता येत नाही. थर्मल कागदाची प्रिंट असेल तर लॅमिनेटरच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो, तेही एकाने करून दाखवलंय. कागद आला की मी आता काहीही करण्याआधी जसाच्या तसा फोटो काढते: घडी घातलेला, दोरी बांधलेला, पिशवीसकट. मग पेन्सिलने (बॉलपेनने नव्हे) पिशवीवर लिहिते: कोणी दिलं, कधी दिलं, देणाऱ्याने तोंडी काय सांगितलं. त्याच दिवशी. उद्या लिहू म्हणणाऱ्याचं उद्या कधी येत नाही, हे मी माझ्यावरून सांगते. माझ्याकडेही १९९१ सालचा एक निनावी मोर आहे, कोणाचा ते आता देवालाच माहीत.

वहीत एक रकाना मी सक्तीचा केलाय: "कशावर उमटलं". लोकांना वाटतं चित्र म्हणजे फाइल. सुरुवातीच्या काळात तसं नव्हतंच. आयव्हन सदरलँड यांच्या १९६३ सालच्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्रॅमची चित्रं म्हणून आपण जे बघतो ते पडद्याचे कॅमेऱ्याने काढलेले फोटो. जर्मनीतल्या गेओर्ग नीस आणि फ्रीडर नाके यांची चित्रं झूसेच्या ग्राफोमॅट प्लॉटरने कागदावर शाईने काढलेली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मायकेल नोल यांची आधी मायक्रोफिल्मवर उमटलेली. तिन्ही एकाच आकाराच्या चकचकीत फोटोपेपरवर छापून ओळीने लावली की शाईची ओढ, पडद्याची चमक, फिल्मचा कण, सगळं मेलं. ते दाखवता येत नसेल तर निदान पाटीवर लिहा.

हिरवं रान हिरवं केलं

नागपुरात प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आहे, त्यामुळे आपल्याकडे उपग्रह-चित्रं हमखास येतात. आयआरएस-१ए हा भारताचा उपग्रह १७ मार्च १९८८ला सुटला, त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर ७२.५ मीटरचा. काहीजण म्हणतात हे ग्राफिक्स नव्हे, हा फोटो. मी म्हणते आकड्यांना रंग देऊन पडद्यावर मांडलं की ते ग्राफिक्स. वाद चालू ठेवू.

तर अशा चित्रांत झाडोरा लाल दिसतो. पानं जवळचे अवरक्त किरण खूप परावर्तित करतात, ती पट्टी मुद्दाम लाल रंगात दाखवतात. आमच्या एका हौशी डिझायनरने रात्रीतून सगळा लाल हिरवा करून आणला, "रंग उडाला होता" म्हणून. तसंच सीजीएच्या काळ्या, निळसर, गुलाबी, पांढऱ्या चार रंगांचं. ते रंग उडालेले नाहीत. कार्ड तेवढेच देत होतं, आणि लोकांनी त्यांच्यातच कमळ, तिरंगा, सगळं बसवलं.

कूलर

मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो, म्हणून स्लाइड आणि फ्लॉपीचे डबे कूलरच्या खोलीत ठेवतात. कूलर हवेत पाणी सोडतो. मेमध्ये कोरड्या हवेत ते एकवेळ खपून जातं, पण मृगाचा पाऊस पडल्यावरही कूलर चालूच राहतो आणि जुलैपर्यंत स्लाइडवर बुरशीची जाळी. डबे आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला, भिंतीला लावू नका. माझ्या घरी ते देवघराशेजारच्या कोनाड्यात असतात. सासूबाईंना वाटायचं त्यांत दागिने आहेत.

फ्लॉपीबद्दल झटपट

आधी लिहिणं बंद करा, मग ड्राइव्हमध्ये घाला. साडेतीन इंचीला भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीला बरोबर उलटं, खाच झाकली म्हणजे बंद. हे उलटं करून एकाने मूळ फ्लॉपी फॉरमॅट केली.

बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं वाचणारं हेड घाण होतं आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या खरवडल्या जातात.

३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचा, लिहू मात्र नका.

एकेक फाइल उचलू नका. पूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल (डिस्क इमेज) घ्या, मग निवांत चाळा. पुसलेल्या फाइलींत कधीकधी चित्राचा आधीचा खर्डा सापडतो.

जेपीजी आणि एआय

जेपीजी हे मानक १९९२ सालचं. तुम्हाला कोणी "१९७९ सालची मूळ फाइल" म्हणून जेपीजी पाठवली तर ती मूळ नाही, कुणाची तरी प्रत आहे. व्हॉट्सअॅपवरून आली असेल तर प्रतीची चाळणी. जपून ठेवायला टिफ किंवा पीएनजी.

आणि ते "एआयने क्लीन करून दिलं" प्रकरण. एका मुलीने १६० बाय २५६चं चित्र मला मोठं करून आणून दिलं, त्यात बाईच्या गळ्यात मंगळसूत्र आलं होतं. मूळ चित्रात पाच काळे पिक्सेल होते, ती सावली होती. दोन तास वाचवायला गेली आणि मूळ फाइलच्या नावावर तेच सेव्ह करून बसली. मूळ फाइल पहिल्या दिवशीच दोन ठिकाणी वेगळी ठेवली असती तर मी एवढी ओरडले नसते.

"पहिलं"

पाटीवर "पहिलं" हा शब्द लिहायचा मोह आवरा. रसेल कर्श यांनी १९५७ साली आपल्या बाळाचा फोटो १७६ बाय १७६ पिक्सेलमध्ये कॉम्प्युटरला वाचून दाखवला, पण तो स्कॅन, काढलेलं चित्र नव्हे. बेन लापोस्की यांची १९५०च्या दशकातली चित्रं ऑसिलोस्कोपवरची (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र), त्यांत कॉम्प्युटर नाहीच. नीस यांचं प्रदर्शन श्टुटगार्टला फेब्रुवारी १९६५मध्ये झालं, नोल यांचं न्यूयॉर्कला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. कशाचं पहिलं, हे एका ओळीत सांगता येत नसेल तर नुसतं वर्ष लिहा. "विदर्भातलं पहिलं" म्हणून तर माझ्याकडे तीन जण आले, तिघंही नागपूरच्या धरमपेठेतलेच.

परवानगी

नेटवर सापडलं म्हणजे आपलं झालं, असं नाही. भारतात चित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. त्या मानाने हे सगळं चित्रकार-मंडळ कालपरवाचं. अनेकजण हयात आहेत, किंवा त्यांची मुलं. पत्र पाठवा, सभ्य भाषेत, उद्घाटनाच्या चार महिने आधी. आदल्या आठवड्यात नव्हे. आणि मॉडेल लेनाचं ते ५१२ बाय ५१२चं, सॉफ्टवेअर तपासायला वापरायचे ते प्रसिद्ध चित्र, १९७३ साली मासिकातून स्कॅन केलेलं, ते शक्यतो नकोच. तिने स्वतः ते आता वापरू नका म्हटलंय.

पत्राला उत्तर न आल्यास मी एकदा आठवण करते, मग ते चित्र गाळते. मागच्या वेळी भिंतीवर अशा दोन चौकटी रिकाम्या राहिल्या. त्यांतल्या एकीत आम्ही नवी छापलेली बंडी लावली, आडवी पाच पट, उभी सहा पट. गृहस्थ मुद्दाम नातवाला घेऊन परत आले आणि त्याच्या शाळेच्या डब्याचं गोल झाकण चाकाला लावून बघितलं.