घरातील जुन्या पोथ्यांचे जतन करताना या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र; तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे संकलन तेथेच केले आणि आज मराठी भाषा विद्यापीठही तेथेच आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथील जैन शास्त्रभांडारांनी (ग्रंथसंग्रहांनी) अपभ्रंश या जुन्या भाषेतील ग्रंथांचा अमोल ठेवा सांभाळला. विद्यापीठीय ग्रंथालयांत आज जपल्या जाणाऱ्या बहुतेक पोथ्या एकेकाळी अशाच मठांत, मंदिरांत आणि घराघरांतील देवघरांत होत्या. अजूनही वऱ्हाडातील अनेक घरांत त्या आहेत, आणि त्यांचे सर्वाधिक नुकसान दुर्लक्षाइतकेच श्रद्धेपोटी केलेल्या उपचारांनी होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जीर्ण पोथीचे नदीत विसर्जन. फाटलेली, अपुरी प्रतही पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतील शब्दांचे फरक, ठरविताना अभ्यासकाला मोलाची असते. त्यातही शेवटचे पान कधीही वेगळे करू नये, कारण लेखनिकाचे नाव, गाव आणि लेखनाचा काळ सांगणारी पुष्पिका बहुधा तेथेच असते. अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून पोथी मंत्रतंत्राची समजून टाकून देणेही घातक आहे. ती मोडी लिपीत असू शकते, किंवा महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीत, जिची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केली.

पावसाळ्यानंतर पोथ्यांना ऊन दाखविण्याची रीत सर्वत्र आहे. विदर्भातील प्रखर ऊन मात्र कागद ठिसूळ करते आणि रंगीत शाई फिकट करते, म्हणून हवेशीर सावलीत पाने मोकळी करणे पुरेसे आहे. पाने भिजून एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून सोडवू नयेत. जाणकाराकडे नेईपर्यंत गठ्ठा सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवावा. मातीच्या भिंतीतील कोनाडा किंवा जमिनीला टेकलेली लाकडी पेटी म्हणजे उधईला आमंत्रणच, तेव्हा पेटी भिंतीपासून दूर आणि उंचावर असावी. कीटकनाशक पावडर पानांवर टाकू नये. ती वाचणाऱ्याच्या शरीरात जाते. ओला कडुनिंबाचा पालाही ठेवू नये, त्याचा ओलावा बुरशी वाढवतो. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. त्यापेक्षा खळ धुऊन काढलेल्या पांढऱ्या मांजरपाटाचे (जाड्या सुती कापडाचे) बासन, म्हणजे पोथी गुंडाळण्याचे वस्त्र, उत्तम. पूजेच्या वेळी हळदकुंकू बासनावरही वाहू नये, कारण ते झिरपून पानांपर्यंत पोहोचते. पोथीशेजारी ताम्हन ठेवून त्यात वाहावे.

दुरुस्तीच्या उत्साहात चिकटपट्टी लावली जाते किंवा लॅमिनेशन केले जाते. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, आणि लॅमिनेशन उलटविणे जवळजवळ अशक्य असते. काजळीची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओल्या फडक्याने धूळ पुसू नये, मऊ कोरडा ब्रश वापरावा. अक्षरांवरील पिवळे ठिपके मळ समजून खरवडू नयेत. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक हरताळ हे पिवळे खनिज लावीत असत, आणि हरताळात आर्सेनिक असल्यामुळे बोटाला थुंकी लावून पाने उलटणे धोक्याचे आहे.

काळ लिहून घेताना शक आणि संवत यांची गल्लत होते. शके १७०५ म्हणजे साधारण इ.स. १७८३, कारण शकात ७८ मिळवावे लागतात. विक्रम संवतातून मात्र ५७ वजा करावे लागतात. गल्लत झाली की १३५ वर्षांचा फरक पडतो. छायाचित्रे फ्लॅश बंद ठेवून, पानाची चारही टोके दिसतील अशी काढावीत, कारण समासातील पानांक कापला गेला तर पुढे क्रम लावता येत नाही.

जुन्या वस्तू घेत फिरणाऱ्याला पोथी विकण्यापूर्वी १९७२ च्या पुरावशेष कायद्याची माहिती घ्यावी. किमान ७५ वर्षे जुनी, वाङ्मयीन वा ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाहीत. ग्रंथालयाला देताना मात्र तोंडी शब्दावर थांबू नये. पानांची संख्या मोजून लेखी पोच घ्यावी, आणि पोथी कायमची दिली की केवळ सांभाळण्यासाठी, घराण्याचे नाव सूचीत नोंदले जाणार का आणि डिजिटल प्रत कुटुंबाला मिळणार का, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.