पितृपक्षातला आमचा फेरा: सेवाग्राम, पवनार, नागपूर, रामटेक

पोळा झाला, गणपती बोळवले, पऱ्हाटीवरची फवारणी आटोपली आणि सोयाबीनच्या शेंगा अजून हिरव्या आहेत, असे आठ-दहा दिवस आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात दरवर्षी येतात. तेव्हाच पितृपक्ष असतो. लग्नं नाहीत, नवस फेडणारे नाहीत, एसटीत खिडकीची जागा मिळते. म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरायचं असेल तर हेच दिवस धरा. पितृपक्षात देवाला जाऊ नये असं गावात म्हणतात. आम्ही सासऱ्यांची तिथी घरी नीट करतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघतो. सासूबाईंना मी मायच म्हणते. त्यांना 77 वर्षं झाली. तिथी मानायची, पण देवळात जायला हरकत नाही, असं त्यांचंच म्हणणं आहे.

निघताना आधार कार्ड विसरू नका. एसटीत 75 च्या वरच्यांना तिकीट लागत नाही, बायकांना अर्धं लागतं. आमचा दोघींचा मिळून अर्ध्या तिकिटात प्रवास होतो. पाऊस अजून गेलेला नसतो, म्हणून छत्री आणि पकड असलेल्या चपला घ्या. आणि वार बघून निघा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद असतं. पहिल्या वर्षी मी वार न बघता मायला तिथवर नेलं आणि कुलूप पाहून परत आणलं. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी सकाळी सेवाग्राम. गांधीजी 1936 मध्ये इथं राहायला आले, तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटीत घाई करू नका. साप पकडायचा चिमटा, टेलिफोन, चरखा हे सगळे बघतात, तुम्ही भिंतीही बघा. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत, चरखा आहे, ॐ आहे. माय भिंतीजवळ गेली आणि हात न लावता, हवेतच बोट फिरवून मला दाखवू लागली: इथं ओली माती ठेवली, इथं अंगठ्यानं दाबली, कड मागून बोटानं काढली. आयुष्यभर घर सारवलेल्या बाईला ते दिसतं. गर्दीच्या दिवशी मागचे लोक पुढं ढकलतात, हे बघायला मिळतच नाही.

दुपारी पवनार. धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे, 1959 मध्ये त्यांनी बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. शेत खणताना विनोबांना भरत-राम भेटीची मूर्ती सापडली, ती इथंच आहे. आणखीही जुनी शिल्पं निघाली. मातीखालून आलेल्या मूर्ती आश्रमाच्या भिंतींशी ठेवलेल्या बघायच्या, मग नदीवर थोडं बसायचं. पाणी चढलेलं असेल तर खडकांवर उतरू नका.

मुक्काम नागपूरला नातेवाइकांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली. दसऱ्याला इथं लाखो माणसं येतात. त्याच्या पंधरवडाभर आधी गेलात तर स्तूपात अस्थिकलशासमोर कितीही वेळ बसता येतं. संग्रहालय दुपारसाठी ठेवा. ऊन असो की पाऊस, छताखाली असता. 1863 चं आहे, जुनी माणसं त्याला अजब बंगलाच म्हणतात. सगळी दालनं एका फेरीत करू नका, मायचे गुडघे दोन दालनांतच बोलू लागतात. आम्ही दगडी मूर्तींचं दालन आधी घेतो, कारण दुसऱ्या दिवशी रामटेकला तशाच मूर्ती त्यांच्या जागेवर भेटतात.

रामटेक नागपूरहून 50 किलोमीटरच्या आसपास आहे. रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला गडावर पाय ठेवायला जागा नसते, पितृपक्षात मोकळं असतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं म्हणून आम्ही गाडीच्या रस्त्यानं वर जातो. प्रसादाची पिशवी हातात लोंबू देऊ नका, वानरं हिसकतात. रामाचं दर्शन घ्या, पण गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं चुकवू नका. सपाट छपराची, पेटीसारखी दगडी देवळं, शिखर नाही म्हणून लोक पुढं निघून जातात. पंधराशे वर्षांपूर्वीची, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांच्या काळातली आहेत. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत उभं राहा. मग हळूहळू तांबूस दगडातला नरसिंह दिसतो, एवढा मोठा की गाभारा त्याच्याभोवती बांधला असावा असं वाटतं. बसलेला आहे, हात चक्रावर टेकलेला.

केवल नरसिंहाच्या भिंतीत शिलालेख आहे, बराच झिजलेला. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता नवऱ्यामागं लहान मुलांच्या नावानं राज्य चालवत होती. तिच्या लेकीनं आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधलं, असा त्या लेखाचा अर्थ अभ्यासक लावतात. मी मायला हे सांगितलं. माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग बाहेर आली, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, आपल्या आईचं नाव घेतलं आणि ते कातळावर सोडलं. तिची आई कोणत्या तिथीला गेली हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

खाली उतरून बसस्टँडवर आम्ही भाकरीचं गाठोडं सोडलं.