‘नाही’चा बाण कुठे जातो? अल्गोरिदम आणि फ्लोचार्टची पहिली उजळणी

माझ्या पहिल्या नोकरीत मला शीतगृहातल्या तापमानाच्या नोंदींचं काम दिलं होतं. दर तासाला एक आकडा यायचा आणि दिवसअखेरीस त्यातलं सर्वांत जास्त तापमान दाखवायचं, एवढंच. मी थेट कोड लिहायला बसले. अर्ध्या तासात प्रोग्रॅम तयार झाला, चालला, एकही एरर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कमाल तापमान ० अंश दाखवलं. शीतगृह उणे अठराच्या आसपास चालत होतं. माणसं धावत यंत्र तपासायला गेली. यंत्र ठणठणीत होतं. चूक माझ्या पहिल्याच ओळीत होती.

ती ओळ कोणती, ते पुढे येईलच. तेव्हापासून मी कागद-पेन्सिल हातात घेतल्याशिवाय कीबोर्डला हात लावत नाही, आणि आता नवशिक्यांना शिकवतानाही पहिले काही तास कॉम्प्युटर बंदच ठेवायला सांगते.

अल्गोरिदम म्हणजे एखादं काम पुरं करण्यासाठी क्रमानं करायच्या नेमक्या पायऱ्या, ज्या कधीतरी संपतात. हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारा गणिती अल-ख्वारिझ्मी याचं भारतीय अंकांनी आकडेमोड करण्यावरचं लेखन पुढे लॅटिनमध्ये गेलं, तिथे त्याच्या नावाचं ‘अल्गोरित्मी’ झालं आणि कालांतरानं ते आकडेमोडीच्या रीतीचंच नाव बनलं.

व्याख्येतला ‘नेमक्या’ हा शब्द सर्वांत जड आहे. ‘सगळ्या संख्या बघा आणि मोठी निवडा’ असं माणसाला सांगितलं तर पुरतं, कारण ‘बघा’ या शब्दात दडलेलं काम आपला मेंदू परस्पर करून टाकतो. कॉम्प्युटरला एका वेळी दोनच संख्यांची तुलना करता येते. म्हणून पायरी लिहिताना स्वतःला विचारा: ज्याला यातलं काहीच माहीत नाही, पण सांगितलेलं तंतोतंत करतो, अशा माणसाला हे वाचून पुढचा एकही प्रश्न विचारावा लागणार नाही ना?

तापमानाचंच उदाहरण घेऊ. पायऱ्या अशा:

१. सुरुवात.
२. पहिली संख्या घ्या आणि ‘कमाल’ नावाच्या जागेत ठेवा.
३. आणखी संख्या उरली आहे का? नसेल तर पायरी ६ वर जा.
४. पुढची संख्या घ्या.
५. ती ‘कमाल’पेक्षा मोठी आहे का? असेल तर ‘कमाल’मध्ये ती ठेवा. दोन्ही बाबतींत पायरी ३ वर परत जा.
६. ‘कमाल’ दाखवा.
७. शेवट.

‘कमाल’ ही जी नाव दिलेली जागा आहे, तिला प्रोग्रॅमिंगमध्ये व्हेरिएबल म्हणतात. तिच्यात एका वेळी एकच किंमत राहते. नवी ठेवली की जुनी पुसली जाते. हे आत्ता साधं वाटेल, पण याच गोष्टीवर पुढे एकदा अडखळायला होणार आहे.

आता हेच चित्रात, म्हणजे फ्लोचार्टमध्ये. कामाच्या टप्प्यांचे असे आराखडे फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्यानं १९२१ मध्ये अभियंत्यांसमोर मांडले होते, ते कारखान्यातल्या कामासाठी. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमसाठी ही रीत १९४०च्या दशकात हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी वापरली. आज आकारांचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, पण सुरुवातीला चारच पुरतात. सुरुवात आणि शेवट लंबगोलात. इनपुट घेणं आणि आउटपुट दाखवणं समांतरभुज चौकोनात, म्हणजे तिरक्या बाजूंच्या चौकटीत. आकडेमोड किंवा व्हेरिएबलमध्ये काही ठेवणं आयतात. आणि प्रश्न विचारायचा तो हिऱ्यासारख्या, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात. सगळे आकार बाणांनी जोडायचे.

यातला हिरा नीट पाहा. ‘शेवट’ सोडला तर बाकीच्या चौकटींतून एकच बाण बाहेर पडतो, हिऱ्यातून दोन: ‘होय’ आणि ‘नाही’. मी तपासलेल्या नवशिक्यांच्या फ्लोचार्टमध्ये ‘होय’चा बाण जवळपास नेहमी बरोबर असतो, कारण आपण विचार करतो तोच मुळी ‘असं असेल तर काय करू’ असा. ‘नाही’चा बाण मात्र हवेत लोंबकळत राहतो, किंवा घाईघाईनं ‘शेवट’ला जोडलेला असतो. वरच्या पायरी ५ चा ‘नाही’ जर ‘शेवट’ला गेला, तर पहिली लहान संख्या भेटताच काम थांबेल. यादीत लिहिताना ही चूक डोळ्यांसमोरून निसटते, चित्रात दिसते. फ्लोचार्ट काढण्याचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण आहे. म्हणून हिरा काढलात की आधी ‘नाही’चा बाण पूर्ण करा, मग ‘होय’चा.

चित्र झालं की ड्राय रन. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखा, चित्रातल्या बाणावर बोट ठेवा आणि जे लिहिलंय तेवढंच करत पुढे सरका. संख्या घेऊ −१८, −२१, −१७, −२०. ‘कमाल’मध्ये आधी −१८. मग −२१ मोठी आहे का? नाही. −१७? होय, ‘कमाल’ −१७. −२०? नाही. संख्या संपल्या, उत्तर −१७.

आता माझ्या प्रोग्रॅमची पहिली ओळ: मी ‘कमाल’मध्ये आधी ० ठेवलं होतं. बोट फिरवून बघा. −१८ शून्यापेक्षा मोठी? नाही. −२१? नाही. −१७? नाही. −२०? नाही. उत्तर ०, जी संख्या यादीत नाहीच. मी घरी करून पाहिलेल्या सगळ्या संख्या धन होत्या, म्हणून तेव्हा सगळं बरोबर आलं. ड्राय रनला सोयीची संख्या घेऊ नका. उणे, शून्य, दोन सारख्या संख्या आणि एकच संख्या असलेली यादी, एवढं तरी तपासा. यादी रिकामीच आली तर? पायरी २ मध्ये घ्यायला काहीच नाही. म्हणजे तिच्याआधी आणखी एक हिरा हवा: ‘एक तरी संख्या आहे का?’ आणि त्याच्या ‘नाही’चा बाण ‘नोंद नाही’ असं दाखवणाऱ्या चौकटीकडे.

दुसरा सराव लीप वर्षाचा. ४ नं भाग जातो का? नाही, तर लीप वर्ष नाही. होय, तर १०० नं जातो का? नाही, तर लीप वर्ष. होय, तर ४०० नं जातो का? होय तर लीप, नाही तर नाही. तीन हिरे, बाहेर पडायच्या चार वाटा. प्रत्येक वाटेसाठी एक वर्ष निवडा: २०२३, २०२४, १९००, २०००. या चार वर्षांनी चित्रातला प्रत्येक बाण एकदा तरी चालून होतो. तपासणीसाठी संख्या कशा निवडायच्या याचं याहून सुटसुटीत उदाहरण मला सापडलेलं नाही. फक्त ४ चाच हिरा काढणाऱ्याचं उत्तर १९०१ पासून २०९९ पर्यंत प्रत्येक वर्षी बरोबर येतं, आणि २१०० ला चुकतं.

तिसरा सराव थोडा खोल, आणि फार जुना. दोन संख्यांचा म.सा.वि. काढायची रीत युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली. आज आपण ती भागाकाराच्या रूपात अशी लिहितो: अ आणि ब घ्या. ब शून्य आहे का? होय, तर अ हे उत्तर. नाही, तर अ ला ब नं भागून बाकी काढा, अ मध्ये ब ठेवा, ब मध्ये बाकी ठेवा आणि पुन्हा हिऱ्याकडे जा. ८४ आणि ३० घ्या: बाकी २४, मग जोडी ३० आणि २४, बाकी ६, जोडी २४ आणि ६, बाकी ०, जोडी ६ आणि ०. उत्तर ६. बाकी दर फेरीला ब पेक्षा लहान होते आणि शून्याखाली जात नाही, म्हणून हे संपणारच.

इथेच ते अडखळणं येतं. बाकीसाठी वेगळी जागा न ठेवता बरेच जण आधी अ मध्ये ब ठेवतात आणि मग बाकी काढतात. ८४ पुसलं गेलं, अ ३० आणि ब ३० झाले, बाकी ०, उत्तर ३०. पण ३० नं ८४ ला भाग जात नाही. दोन चौकटींचा क्रम उलटा झाला, बस्स.

कोडकडे जाताना एक खूण लक्षात ठेवा. हिऱ्यातून निघालेला एक बाण फिरून त्याच हिऱ्याकडे परत येत असेल आणि दुसरा बाहेर पडत असेल, तर तो लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी फेरी आहे. दोन्ही बाण खाली जाऊन पुढे एकत्र येत असतील, तर ती ‘जर-तर’ची अट आहे. उरलेलं सगळं एकाखाली एक. क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचना कोणत्याही अल्गोरिदमला पुरतात, हे कोराडो बोम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या इटालियन संगणकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. त्यामुळे भाषा पायथॉन असो की सी, कागदावरचं चित्र बदलत नाही.

चित्र एका पानात मावेनासं झालं तर बाण एकमेकांना ओलांडू देऊ नका. कामाचा एखादा तुकडा नाव देऊन एका आयतात ठेवा आणि त्याचं चित्र वेगळ्या पानावर काढा.

आता तुमच्यासाठी एक: यादीतली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधा. ‘कमाल’ आणि ‘दुसरी’ असे दोन व्हेरिएबल लागतील. नवी संख्या ‘कमाल’पेक्षा मोठी निघाली तर आधीच्या ‘कमाल’चं काय करायचं, ते पुसण्यापूर्वी ठरवा. मोठी नसेल, तर त्या ‘नाही’च्या बाणावर आणखी एक हिरा येतो. आणि यादी ९, ९, ४ अशी असेल तर उत्तर ९ की ४, हे मात्र पेन्सिल टेकवण्याआधी तुम्हालाच ठरवावं लागेल.