जिप्सीचा क्लच घरच्या अंगणात

आमची मारुतीची जिप्सी किंग १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. मुळशी तालुक्यात डोंगराच्या कुशीला आमची खाचरं आहेत. घरापासून तिथवरची वाट म्हणजे जून ते सप्टेंबर नुसता राडा. दुधाचे कॅन, खताच्या गोणी, सगळं तीच ओढते. आजवर तिचा क्लच मी तीनदा बदललाय. खरं तर चारदा, पण त्यातली एक वेळ माझ्या मूर्खपणाच्या खात्यात जाते. ती पुढे येईलच.

आधी क्लच खरंच गेलाय का ते बघा. चढावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं आणि गाडी मात्र होती त्याच चालीने चालते, वर करपल्याचा वास येतो, ही घसरण्याची खूण. तरीही पान्हा उचलायच्या आधी क्लच वायर तपासा. जिप्सीचा क्लच तेलावर नाही, वायरीवर चालतो. पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल लागते, म्हणजे क्लचवर जोर यायच्या आधी पेडल तेवढं सैल दबायला हवं. ती हाताने दाबून मोजा, पायाला कळत नाही. चाल उरलीच नसेल तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला इंजिनच्या चाकावर दाबून धरणारी) कायम थोडी दाबलेली राहते आणि धडधाकट प्लेटसुद्धा घसरते. गावातल्या एकाची गाडी मी वायरीचा नट दोन फेरे सैल करून 'दुरुस्त' केली होती, तो गिअरबॉक्स उतरवायच्या तयारीने आला होता. उलट तक्रार असेल, म्हणजे पेडल दाबूनही रिव्हर्स कर्रकर्र वाजत पडत असेल, तर चाल जास्त झालीय किंवा वायरीचे धागे तुटत आलेत.

वायर ठीक असूनही घसरत असेल, तर मग खरेदी.

दुकानात जाऊन नुसतं 'जिप्सीचा क्लच द्या' म्हणू नका. १९८५ला आलेली पहिली जिप्सी एक लिटर इंजिनाची, चार गिअरची. १९९६ला किंग आली, ती १.३ लिटरची, पाच गिअरची. दोन्हींच्या प्लेटा वेगळ्या. मी पहिल्या वेळी सामान आधी आणलं, गिअरबॉक्स नंतर उतरवला, आणि संध्याकाळी कळलं की प्लेटचे दाते शाफ्टवर बसतच नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीने पुण्याला. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: जुनी प्लेट काढायची, पिशवीत घालायची आणि काउंटरवर नवी तिच्यावर ठेवून बघायची. व्यास आणि मधल्या दात्यांची संख्या जुळली की झालं.

कंपनीचं म्हणाल, तर वालिओ किंवा एक्सेडी मिळाली की मी पुढे विचार करत नाही. एक्सेडी म्हणजे जुन्या लोकांची सीके डायकिन, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाण्याची. पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलतं ते) एकदमच घ्या. नवी प्लेट जुन्या प्रेशर प्लेटखाली दाबणं म्हणजे नव्या चपलेला जुना अंगठा लावणं.

हल्ली ऑफरोडिंगवाली पोरं सिरॅमिकच्या बटणांची प्लेट सुचवतात. शर्यतीला ठीक असेल. आपल्याला दगडावर चाक ठेवून इंच इंच पुढे जायचं असतं, आणि सिरॅमिक प्लेट एक तर सुटलेली असते नाही तर झटक्यात पकडलेली, मधलं काही नाही. साधी ऑरगॅनिकच घ्या. खरा शत्रू टायर आहे. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, दिमाखासाठी लावतात त्या २३५/७५चा ७३३. म्हणजे गाडी जवळजवळ दहा टक्के जड गिअरवर चालते आणि प्रत्येक उठावाला ती किंमत क्लच भरतो. त्यात लोक लो गिअर वापरत नाहीत. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. तिचा हाय १.४०९ पट आणि लो २.२६८ पट, लोमध्ये टाकलं की चाकाला दीडपटीहून जास्त जोर मिळतो. तो दांडा शोभेला दिलेला नाही.

आता काम. दोन माणसं लागतात. गाडी पक्क्या जमिनीवर, स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. जिप्सीची एक मजा आहे: ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट आहे. त्यामुळे ट्रान्सफर केस जागेवर राहते, फक्त गिअरबॉक्स खाली येतो. आधी त्याचं तेल काढून घ्या, नाहीतर आखूड शाफ्ट ओढताच ते तुमच्या बाहीत जाईल. गिअरचा दांडा आतून निघतो: रबर वर करा, टोपी खाली दाबून डावीकडे फिरवा, दांडा उचला. मग स्टार्टर, रिव्हर्स लाइटची वायर, क्लच वायर. इंजिनच्या संपखाली (तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) फळी ठेवून जॅकचा टेकू द्या, कारण गिअरबॉक्सचा मागचा आधार सुटला की इंजिन मागे कलतं. वरचे दोन बोल्ट जीव खातात. लांब एक्स्टेंशन आणि संयम.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. शाफ्ट प्लेटमध्ये अडकलेला असताना त्याला लोंबकळू देऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो.

आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या चिंधीने पुसा आणि चिंधी फेकून द्या. जुनी प्लेट मात्र नीट बघा, ती बोलते. रिव्हेटचं डोकं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिलं असेल तर तिचं आयुष्य सरलं. पण रिव्हेट खोल असून प्लेट तेलकट असेल, तर रोग दुसरीकडे आहे: क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. ते न बदलता नवी प्लेट टाकलीत तर सहा महिन्यांत पुन्हा याच जमिनीवर पाठ टेकाल. मी तर गिअरबॉक्स खाली आला की दोन्ही सीलं आणि फ्लायव्हीलमधलं (इंजिनच्या मागच्या जड चाकातलं) छोटं पायलट बेअरिंग न विचारता बदलतो. सामान किरकोळ, मेहनत डोंगराएवढी. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवर साफ करून घ्या.

आणि आता माझा मूर्खपणा. प्लेटच्या दोन बाजू सारख्या दिसतात, पण स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे यायला हवा. मी पहिल्या वेळी उलटी बसवली. संध्याकाळ झाली होती, पुतण्या टॉर्च धरून डुलक्या घेत होता. सगळं बांधलं, तेल भरलं, पेडल दाबलं आणि एकही गिअर पडेना. प्लेटचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकत होता. तेव्हापासून मी नव्या प्लेटवर खडूने 'पुणे' आणि 'घर' लिहितो. पुणे म्हणजे इंजिनकडे.

प्लेट मध्यभागी धरायला जुना इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्सचा पुढचा, प्लेटमध्ये शिरणारा शाफ्ट) मिळाला तर उत्तम, नाहीतर टेप गुंडाळलेला लाकडी दांडा चालतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी थोडे थोडे आवळा, शेवटी १८ ते २८ न्यूटन-मीटर. दात्यांवर ग्रीसचा हात फिरवा आणि पुसून टाका. दिसेल इतकं ग्रीस म्हणजे जास्त. गिअरबॉक्स बसेना तर बोल्टने ओढून आणू नका. मागच्या टोकाला आखूड शाफ्ट हाताने जरा फिरवा, दाते जुळले की तो आपणहून आत सरकतो. मग १.३ लिटर तेल, ८०डब्ल्यू-९०.

पहिले पाचशे किलोमीटर चिखल नाही, ओढाताण नाही. नंतर पेडलची चाल पुन्हा मोजा, प्लेट बसते तशी ती कमी होते. माझी २५ची १६वर आली होती. नट एक फेरा सोडला.