चेखवच्या छोट्या गोष्टी ऐकून रशियन कसं शिकावं

सोलापुरात दुसरी भाषा कानाने शिकणं नवं नाही. पूर्व भागात वाढलेलं मराठी पोर तेलुगू बोलतं, अक्कलकोटकडचा माणूस कन्नडमध्ये भाव करतो, आणि व्याकरणाचं पुस्तक कुणीच उघडलेलं नसतं. रशियन बोलणारा शेजारी मात्र मिळत नाही. त्याची जागा ऑडिओबुक बऱ्यापैकी भरून काढतं, फक्त निवड नीट हवी. उत्साहाच्या भरात लोक थेट टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी लावतात. तिची सुरुवातच फ्रेंच संवादाने होते! रशियन शिकायला बसलेल्या माणसाने तिथे काय करायचं?

आधी लिपी. तेहतीस अक्षरं आहेत, रोज थोडी घेतली तरी पंधरवड्यात बसतात. इंग्रजीची सवय इथे दगा देते: पी सारखं दिसणारं अक्षर ‘र’ असतं, एच सारखं ‘न’, सी सारखं ‘स’, मोठ्या बी सारखं ‘व’. दोन अक्षरांना स्वतःचा आवाजच नाही. त्यातलं एक आधीचं व्यंजन मऊ करतं, म्हणजे त्यात ‘य’ची हलकी छटा आणतं. मराठी माणसाच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च आपण बोलताना वेगळे ठेवतो, लिहिताना नाही; रशियनमध्ये त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. आणि लिंगं आपल्यासारखीच तीन. विभक्ती सहा आहेत, पण त्यांचा तक्ता पाठ करायला बसू नका. रूपं आधी कानावर पडू द्या, मग तक्ता बघा, तो लवकर पटतो.

ऐकण्याला एवढं महत्त्व का, तर आघातामुळे. रशियन शब्दात एका स्वरावर जोर पडतो, तो कुठे पडेल याचा सोपा नियम नाही आणि छापील पुस्तकात तो दाखवत नाहीत. जोर नसलेला ‘ओ’ तर ‘अ’कडे झुकतो. दुधाच्या शब्दात तीन ‘ओ’ लिहिलेले असतात, बोलताना मात्र होतं ‘मलाको’. एकाच स्पेलिंगचा शब्द ‘ज़ामक’ म्हटला तर किल्ला, ‘ज़मोक’ म्हटला तर कुलूप. नुसतं वाचून शिकलेला माणूस इथे हमखास चुकतो, आणि एकदा बसलेला चुकीचा उच्चार सुटता सुटत नाही.

आता गोष्ट निवडा. पाच ते दहा मिनिटांची, एकाच माणसाने वाचलेली, आणि जिचा संपूर्ण मजकूर समोर ठेवता येईल अशी. संगीत आणि अनेक पात्रांची नाट्यरूपं सध्या नकोत, त्यात वाक्यं गाळलेली असतात. लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेली रशियन पुस्तकं फुकट आहेत. मजकूर रशियन विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात मिळतो. जुन्या पुस्तकांचे स्कॅन घेऊ नका. 1918 च्या लेखनसुधारणेआधीची लिपी थोडी वेगळी होती, नवखा माणूस जास्तीची अक्षरं बघून घाबरतो.

माझी शिफारस रशियन कथाकार चेखवच्या 1883 सालच्या ‘तोल्स्तिय इ तोन्किय’ची आहे, म्हणजे जाडा आणि बारीक. रेल्वे स्टेशनवर दोन बालमित्र भेटतात. मिठ्या, शाळेच्या आठवणी, सगळं ‘अरे-तुरे’त. मग बारक्याला कळतं की जाडा फार वरच्या हुद्द्यावर पोचलाय. तो पांढरा पडतो आणि क्षणात भाषा बदलते: ‘तू’ जाऊन ‘हुजूर’ येतं, शब्दांच्या शेवटी लाचारीचा एक बारीक ‘स्’ चिकटू लागतो, हसणंसुद्धा ‘खी-खी-स्’ होतं. हे कागदापेक्षा कानाला आधी कळतं. एरवी सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात आपण रोज हेच ऐकतो, त्यामुळे सोलापूरकराला टिपेची गरज पडू नये.

कामाचा क्रम असा. कथानक आधी मराठीत किंवा इंग्रजीत वाचून घ्या. इथे उत्सुकता ताणण्यात काही फायदा नाही. मग मजकुराशिवाय दोन-तीनदा ऐका आणि बोलण्याचा सूर कुठे पालटतो तेवढंच पकडा. त्यानंतर छापील प्रत घेऊन बोट फिरवत ऐका, पेन्सिलीने आघाताच्या खुणा करा. शंका आली तर विकिशनरी या ऑनलाइन शब्दकोशात आघात दिलेला असतो. पुढच्या बैठकीत शब्द बघा, पण सगळे नाही. जे दोनदा आले किंवा ज्यांच्यावाचून वाक्य अडलं तेवढेच, आणि वहीत सुटा शब्द न लिहिता अख्खा वाक्यांश लिहा. क्रियापदांच्या जोड्या असतात, चालू किंवा वारंवार होणाऱ्या कामासाठी एक, पुरं झालेल्या कामासाठी दुसरं. दोन्ही शेजारीशेजारी टिपा. शेवटी वाचणाऱ्याच्या मागोमाग स्वतः मोठ्याने बोला. वेग पाऊणपट केला तरी चालतो, त्याहून कमी केलात तर स्वर ताणले जाऊन विचित्र होतात.

घराशेजारी माग चालू असतील तर कान झाकणारे हेडफोन घ्या. मऊ आणि कठीण व्यंजनातला फरक त्या खटखटीत पार बुडतो. मजकूर घेऊन बसण्याचं काम सकाळी घरी करा, आणि ओळखीची झालेली गोष्ट पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये परत परत लावा.

पात्रांच्या नावांनी बिचकू नका. अंतोन पाव्हलविच चेखव म्हणजे आपल्यासारखंच नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फक्त तिकडे आदराने हाक मारताना आडनाव सोडून पहिली दोन घेतात.

एक गोष्ट जवळपास तोंडपाठ झाली की दुसरी. फारच जड जात असेल तर आधी टॉलस्टॉयने मुलांच्या वाचनमालेसाठी लिहिलेल्या चिमुकल्या गोष्टी घ्या, तिथली वाक्यं मुद्दाम आखूड आहेत. चेखवच्या पाच-सहा झाल्या की पुश्किनच्या ‘बेल्किनच्या कथा’. दोस्तोयेव्हस्की नंतर. गोगोल तर त्याहूनही नंतर. त्याची मजा शब्दांच्या कसरतीत आहे आणि ती घाईने हाती लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातले हुद्दे आणि संबोधनं आज मॉस्कोत वापरलीत तर लोक हसतील. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून रोज दहा मिनिटं आजच्या रशियन बातम्या किंवा मुलाखती जोडा. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासूनच करावं; वॉर्डातला रुग्ण चेखवसारखं बोलत नाही, चेखव स्वतः डॉक्टर असला तरी. आणि उच्चार कधीतरी जाणकाराकडून तपासून घ्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवलं जातं, पण ऑनलाइन शिक्षकाला स्वतःचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवलं तरी आघाताच्या चुका लगेच कळतात.